पक्षघाती मनुष्याचे चौघे सोबती
मद्यपी बंधूस साहाय्याच्या सभेपर्यंत कसे न्यावे याविषयी पाठ

वाचन : मार्क २:१-१२, गलती ६:१-५, याकोब ५:१३-१६.

पाठाचा हेतू : मंडळीतील मद्यपी बंधूस टाकून न देता, बारामती व इंदापूर भागात त्यास व्यसनमुक्तीच्या सभेपर्यंत नेण्याचा मार्ग उपदेशकांस दाखविणे.



कफर्णहूम येथील पक्षघाती मनुष्याची कथा आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या मनुष्यास चालता येत नव्हते. चौघांनी त्यास बाजेसह उचलून आणिले. दाराशी दाटी पाहून ते माघारी फिरले नाहीत, तर छप्पर उकलून त्यांनी बाज खाली सोडिली. येथे मार्क एक गोष्ट सांगतो, तिजकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बाजेवरचा मनुष्य एक शब्दही बोलल्याचे लिहिलेले नाही. प्रभूने त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, आणि तो विश्वास त्यांच्या खांद्यावरच्या ओझ्यात व उकललेल्या छपरात दिसत होता.

दारूच्या बंधनात पडलेला मनुष्य बहुधा असाच असतो. त्याला उठावयाचे असते, परंतु पाय चालत नाहीत. अशा समयी मंडळीने काय करावे, हा आजच्या पाठाचा विषय होय. आमचे म्हणणे थोडक्यात हे की, त्याजकडून शपथ घेवविण्याऐवजी त्याच्या सोबत चालत जावे. आणि कोठे जावे हे आपणांस आधीच ठाऊक असावे.

१. शपथ का टिकत नाही

आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत एक रीत पडून गेली आहे. संजीवन सभेत किंवा नव्या वर्षाच्या उपासनेत व्यसनी मनुष्यास पुढे बोलावितात, पवित्र शास्त्रावर हात ठेववितात व सर्वांसमक्ष शपथ घेववितात. तो रडतो, त्याची बायको रडते, मंडळीही रडते. त्याचे ते रडणे खोटे नसते. परंतु पुढे ऊसतोडीची उचल हाती पडते किंवा कारखान्याचा पगार होतो, आणि पाय गुत्त्याच्या वाटेस लागतात. आता त्याच्या माथी एकाऐवजी दोन ओझी झाली : एक दारूचे व दुसरे मोडलेल्या शपथेचे. ह्या दुसऱ्या ओझ्यापायी तो मंदिरात येईनासा होतो, आणि आपण म्हणतो की तो देवापासून दूर गेला. वस्तुतः त्याची वाट आपणच बंद केलेली असते. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शपथ वाहू नये असे शिकविले आहे (मत्तय ५:३३-३७); ज्याचे मन आधीच दुर्बळ झाले आहे त्याच्याकडून तर ती मुळीच घेऊ नये.

पुष्कळ वर्षे पिणाऱ्याच्या शरीराला व मेंदूला दारूची सवय जडते, आणि तलफ ही केवळ लहर राहत नाही, हे आता वैद्य लोक निश्चितपणे सांगतात. अमेरिकेतील वैद्यांच्या मंडळाने १९५६ साली मद्यासक्ती ही रोग म्हणून मान्य केली. कोणी म्हणेल, रोग म्हटले की पापाची जबाबदारी गेली. असे नाही. ताप आला हा रोग्याचा दोष नसेल, पण औषध घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. आणि त्याला औषधापर्यंत नेणे हे त्याच्या बंधूंचे कर्तव्य आहे.

२. ह्या सभेचा उगम

ज्या सभेविषयी आम्ही लिहीत आहोत तिला अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपींचा संघ, असे नाव आहे. लोक तिला 'ए. ए.ची मिटिंग' म्हणतात. तिचा आरंभ कसा झाला हे प्रत्येक उपदेशकाने जाणावे, कारण त्या आरंभात एका पाळकाचा हात आहे.

१९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन ह्या शहरी गेला होता. दारूने त्याची पार धूळधाण केली होती, आणि ती सोडून त्याला अवघे पाच महिने झाले होते. काम फसले, तो परक्या गावी एकटा पडला. उतरला होता त्या हॉटेलात एकीकडून मद्यालयातील हसणेखिदळणे ऐकू येत होते, आणि दुसरीकडे दूरध्वनीजवळ गावातील मंडळ्यांची यादी लाविलेली होती. त्याने यादीतून एका पाळकास दूरध्वनी केला. त्याने पैसे मागितले नाहीत, उपदेशही मागितला नाही. आपण दुसऱ्या मद्यप्याशी बोलत असतो तोवर आपण सावध राहतो, हे त्याच्या अनुभवास आले होते. म्हणून असा एखादा मनुष्य दाखवा, एवढेच त्याचे मागणे होते. त्या पाळकाचे नाव वॉल्टर टंक्स. त्यांनी काही नावे दिली. एकामागून एक विचारीत शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग ह्या बाईंचा पत्ता लागला, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, आपल्या घरी डॉक्टर रॉबर्ट स्मिथ ह्यांची गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटे बसू म्हणून आले होते. ते सहा तासांहून अधिक बसले. पुढे ते एकदा पुन्हा घसरले. त्यानंतर १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा शेवटला दिवस ठरला, आणि तोच संघाच्या स्थापनेचा दिवस मानितात.

हे दोघेही त्या काळी ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मेळ्यात जात असत. फ्रँक बुकमन ह्या ल्युथरन पाळकाने तो चालू केला होता. स्वतःची झडती घेणे, दुसऱ्यापाशी दोष कबूल करणे, ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करणे, ह्या गोष्टी तेथूनच संघाच्या बारा पायऱ्यांत आल्या. त्या पायऱ्या १९३९ साली पुस्तकरूपाने छापिल्या गेल्या. १९५७ साली हे काम भारतात आले. मद्यप्यांच्या घरच्या माणसांसाठी अल्-अनॉन हा निराळा संघ १९५१ साली निघाला.

बंधूंनो, त्या ॲक्रनच्या पाळकाने केले ते पाहा. त्यांनी व्यसन सोडविले नाही. त्यांजपाशी नावे होती, ती त्यांनी दिली. उद्या रात्री आपल्या दारावर कोणी थाप मारली, तर आपणांपाशी कोणते नाव आहे?

३. सभेत काय घडते

न पाहिलेल्या गोष्टीचे भय वाटते. म्हणून नेण्यापूर्वी त्या बंधूस पुढील गोष्टी समजावून सांगाव्या. सभा एखाद्या शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा मंदिराच्या खोलीत भरते व साधारण तास-दीड तास चालते. एकजण सभा चालवितो; तो वैद्य नसतो, गुरूही नसतो, तर स्वतः पिणारा होता व आता पीत नाही असा असतो. मग जो तो आपले पहिले नाव सांगून आपली हकिगत सांगतो. कोणी मध्ये बोलत नाही, वाद घालीत नाही. नव्या माणसास बोलण्याची सक्ती नसते. 'मी आज ऐकावयास आलो आहे' एवढे म्हटले तरी पुरते.

प्रवेशास फी नाही. खर्चासाठी डबा फिरतो. त्यात टाकले तर टाकले. दारू सोडण्याची इच्छा हीच एक अट. जात, धर्म, शिक्षण कोणी विचारीत नाही. जन्मभराची शपथ तेथे नाही. आजचा दिवस पिऊ नये, उद्याचे उद्या पाहावे, असे शिकवितात. रानात मान्ना एका दिवसापुरताच मिळत असे (निर्गम १६), आणि प्रभूनेही भाकर मागावयास शिकविली ती रोजचीच. दुर्बळ मनुष्यास एक दिवसाचे ओझे उचलवते, जन्माचे उचलवत नाही.

ह्या सभांचा उपयोग होतो काय, ह्याचीही परीक्षा झालेली आहे. २०२० साली कॉक्रेन ह्या संस्थेने २७ अभ्यास व १०,५६५ रोगी ह्यांचा आढावा प्रसिद्ध केला. अशा सभांशी पद्धतशीर रीतीने जोडून दिलेले रोगी अखंड दारूपासून दूर राहण्यात इतर उपचार घेणाऱ्यांहून पुढे असल्याचे त्यात आढळले. 'जोडून देणे' हा शब्द ध्यानात धरा. नुसता पत्ता सांगणे निराळे आणि हात धरून नेणे निराळे.

४. आपल्या भागात सभा कशी शोधावी

सभांचे वार व वेळा आम्ही येथे मुद्दाम छापीत नाही. जागा बदलते, वार बदलतो. आणि धैर्य करून गेलेल्या मनुष्यास दाराला कुलूप दिसले तर तो दुसऱ्यांदा येत नाही. यास्तव प्रत्येक उपदेशकाने चौकशी स्वतः करावी, ती अशी :

(अ) अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे भारतातील मुख्य सेवा कार्यालय मुंबईस आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून किंवा दूरध्वनीवरून विचारावे. विचारताना बारामती व इंदापूर ह्यांजबरोबर दौंड, भिगवण, वालचंदनगर, फलटण आणि पुणे हीही नावे घ्यावी, कारण शेजारच्या तालुक्यातील सभा कधी कधी अधिक सोयीची पडते.

(आ) भारत सरकारचा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक १४४४६ हा आहे. तेथे सल्ला मिळतो व जवळच्या उपचारकेंद्राची माहितीही मिळते.

(इ) पुण्यास येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनी ते १९८६ साली, पु. ल. देशपांडे ह्यांच्या साहाय्याने स्थापिले. बरे होऊन गावी परतलेल्यांनी पुढे कोठे जावे, ह्याची चौकशी तेथे करावी.

(ई) बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारावे. पुष्कळदा परिचारिकेस किंवा समाजसेवकास सभा ठाऊक असते.

(उ) ज्याची दारू सुटली आहे असा एखादा मनुष्य पंचक्रोशीत असतोच. त्यास एकांतात विचारावे. चारचौघांत विचारू नये.

सभा सापडली की चार गोष्टी विचारून वहीत लिहाव्या : वार व वेळ, नेमकी जागा, सभा मराठीत चालते काय, आणि ती खुली आहे की बंद. खुल्या सभेत कोणासही बसता येते. बंद सभेत केवळ मद्यपीच बसतात, आणि उपदेशकाने बाहेर थांबावयाचे असते. निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारून खात्री करावी. इंदापुराहून बारामती सुमारे ५० किलोमीटर आहे आणि सभा बहुधा सायंकाळी असतात. म्हणून परतीच्या एसटीची वेळ आधी पाहावी, किंवा मंडळीतील कोणाची मोटारसायकल मागून घ्यावी. शेवटली गाडी चुकून त्या मनुष्यास स्थानकावर रात्र काढावी लागली, तर समोरचे दुकान त्यास हाक मारील. गावातील सभेत ओळखीचे भेटतील अशी लाज वाटत असेल, तर पहिल्याने दुसऱ्या गावी न्यावे. एका सभेवरून निर्णय करू नये. निदान पाचसहा वेळा जावे असा त्याजपाशी आग्रह धरावा.

५. सभेच्या आधी वैद्य

एक सूचना अगत्याची आहे. जो मनुष्य सकाळी उठल्याबरोबर पितो, न प्याल्यास ज्याचे हात कापतात, त्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फेपरे येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेले प्राणी व माणसे दिसू लागतात, आणि ह्यात प्राणही जातो. खेड्यात ह्याला बाहेरची बाधा समजून मारहाण व अंगारे करितात, आणि कोठे कोठे आपलेच लोक त्यास कोंडून प्रार्थना करीत बसतात. प्रार्थना अवश्य करा, परंतु ती रुग्णालयाच्या वाटेवर करा. हे औषधाने टळणारे संकट आहे.

त्याचप्रमाणे, दारू सोडविण्याची पूड म्हणून बाजारात काहीबाही मिळते, ती बायका नवऱ्याच्या नकळत कालवणात घालितात. दारूशी विषाप्रमाणे भांडणारे एक औषध वैद्य देतात खरे. पण ते रोग्यास सांगून, त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. नकळत दिले आणि वर तो प्याला, तर जीव जाऊ शकतो.

६. मंडळीत उठणाऱ्या शंका

'ख्रिस्ती मनुष्यास प्रार्थना पुरेशी नाही काय?' याकोब ५ व्या अध्यायात आजाऱ्यासाठी प्रार्थना करावयास सांगतो, तेल लावावयासही सांगतो, आणि लगेच एकमेकांपाशी पापे कबूल करावयास सांगतो. एकमेकांपाशी, म्हणजे केवळ पाळकापाशी नव्हे. हे शेवटले काम आपल्या मंडळ्यांत बहुतेक बंद पडले आहे, कारण कबूल केलेले दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ऐकू येते. जी गोष्ट आम्ही सोडिली ती मद्यपी लोक करीत आहेत, ह्याची आपणांस लाज वाटावी. त्यांचा हेवा वाटू नये.

'तेथे अन्यधर्मी बसतात, आणि देवाविषयी ज्याला जसे समजते तसे बोलतात.' खरे आहे. ती उपासना नव्हे, आणि मंडळीच्या जागी तिला बसवू नये. रुग्णालयातही सर्व धर्मांचे लोक शेजारशेजारच्या खाटांवर निजतात. आपल्या बंधूस आपला तारणारा ठाऊक आहे. सभेनंतर रविवारी त्याला मंदिरात जागा मिळते की नाही, हे आपण पाहावे.

'तो पुन्हा प्याला तर?' तर पुन्हा न्यावे. डॉक्टर स्मिथही एकदा घसरले होते. किती वेळा क्षमा करावी ह्या पेत्राच्या प्रश्नास प्रभूने दिलेले उत्तर सर्वांस पाठ आहे (मत्तय १८:२१-२२). परंतु क्षमा म्हणजे मार सोसणे नव्हे. जो पिऊन बायकामुलांस मारतो त्याच्या घरी आधी बायकामुलांस सुरक्षित जागी न्यावे. ११२ ह्या क्रमांकावर पोलीस येतात, आणि स्त्रियांसाठी १८१ हा क्रमांक आहे. 'त्याची दारू तुझ्यामुळे सुटत नाही' असे कोणत्याही बहिणीस बोलू नये.

'कोण कोण येते ते आम्हांस सांगा.' हे मात्र कधीही सांगू नये. सभेत पाहिलेला चेहरा व ऐकलेला शब्द तेथेच ठेवावयाचा असतो. उपदेशकाने त्या बंधूचे नाव प्रार्थनेच्या यादीतही त्याच्या परवानगीवाचून वाचू नये. सार्वजनिक प्रार्थनेच्या नावाखाली बंधूची अब्रू चव्हाट्यावर मांडणे हे पाप होय.

आणखी एक गोष्ट प्रभुभोजनाची. जेथे प्याल्यात आंबविलेला द्राक्षारस असतो, तेथे व्यसनातून उठलेल्या मनुष्यापुढे अडखळण ठेविल्यासारखे होते. न आंबविलेला द्राक्षांचा रस पुष्कळ मंडळ्यांत चालतो. तो सर्वांसच द्यावा, म्हणजे कोणा एकट्याकडे बोट जात नाही (रोम १४:२१).

७. जवळपास सभा नसेल तर

चौकशी करूनही पोचण्याजोगी सभा न सापडल्यास हात जोडून बसू नये. मोबाईलवर भरणाऱ्या सभाही आहेत, मराठीतही आहेत. घरात एकांत नसेल त्यास मंदिराची खोली उघडून द्यावी. आणि संघाच्या नियमाप्रमाणे दारू सोडू इच्छिणारे दोघे-तिघे एकत्र बसले, तरी तो गट होतो. दोघे-तिघे जमतात तेथे काय होते, हे ख्रिस्ती मनुष्यास कोणी शिकवावयास नको (मत्तय १८:२०). मुंबईच्या कार्यालयास कळविल्यास नव्या गटास पुस्तके व मार्गदर्शन मिळते.

अशा गटास मंडळीने जागा द्यावी, परंतु धनीपण करू नये. तो संघ बाहेरच्यांची देणगी घेत नाही, आपला खर्च आपणच चालवितो; म्हणून खोलीचे थोडेसे भाडे ते देऊ लागले तर घ्यावे. पाळकाने त्यांच्या सभेत प्रवचन करू नये. किल्ली द्यावी, दिवा लावावा आणि निघून यावे. कफर्णहूमाच्या त्या घरधन्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याचे छप्पर मोडले, आणि त्याच्या घरातून एक मनुष्य स्वतःच्या पायांनी बाहेर गेला.

वर्गासाठी प्रश्न

१. प्रभूने कोणाचा विश्वास पाहिला? तो विश्वास कशावरून दिसून आला?
२. गलती ६:२ व ६:५ ह्यांत दोन प्रकारची ओझी सांगितली आहेत. मद्यपी बंधूचे कोणते ओझे आपण उचलावे, व कोणते त्याचे त्यानेच उचलावे?
३. आपल्या मंडळीत कोणी आपला दोष बोलून दाखविल्यास तो गुप्त राहील काय? नसल्यास काय बदलावे?
४. खुली सभा व बंद सभा ह्यांत भेद काय? उपदेशकाने कोणत्या सभेत बसू नये?

आठवड्याचे काम : येत्या रविवारच्या आत प्रत्येक उपदेशकाने आपल्या गावापासून जवळच्या एका सभेचा वार, वेळ, जागा व परतीची गाडी वहीत लिहून ठेवावी, आणि सोबत जावयास तयार असतील अशा तिघांशी बोलून ठेवावे. आपण मिळून चौघे होतात.

प्रार्थनेचे विषय : जे आज रात्री पिणार नाही असे म्हणून झगडत आहेत ते, जागत बसलेल्या त्यांच्या बायका व मुले, आणि दारावर थाप पडेल तेव्हा आपणांस उठण्याची बुद्धी व्हावी म्हणून आपण स्वतः.